आसाकुसाला एकदा नाही, दोनदा जा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन टोकियोला जातोय. दोघंही सत्तरीच्या आसपास. टूरवाल्यांनी तिथल्या आसाकुसा भागासाठी सकाळी साडेदहा ते दुपारी एक असा वेळ दिलाय. जुनं जपान आणि नवं जपान एकाच ठिकाणी बघायला मिळतं असं सगळे सांगतात. खरंच तसं आहे की नुसती दुकानांची गर्दी? आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत आणि आईचे गुडघे दुखतात. काय बघावं, काय सोडावं?"

मी चौदा वर्षं टोकियोत राहतेय. त्यातली नऊ वर्षं भारतातून येणाऱ्या पाहुण्यांना, बहुतेक मराठी कुटुंबांना, हे शहर हिंडून दाखवतेय. त्यामुळे जरा मोठं उत्तर लिहिते, कारण आसाकुसाला जाऊनही ते न पाहता परतलेली माणसं मी खूप पाहिली आहेत.

सगळ्यात आधी ती साडेदहा ते एकची वेळ बदलून घ्या. शक्यच नसेल तर टूरच्या आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी स्वतः जा. त्या वेळात नाकामिसे, म्हणजे सेन्सोजी देवळासमोरची दुकानांची गल्ली, आषाढीच्या आदल्या दिवशीच्या पंढरपुरासारखी भरलेली असते. आईंना धड उभंही राहता येणार नाही. आसाकुसा दोन फेऱ्यांमध्ये बघायचं असतं. पहिली फेरी पहाटे पावणेसहा ते साडेआठ, दुसरी संध्याकाळी सातनंतर. मधल्या वेळात हॉटेलवर जाऊन आराम करा. आई-बाबांना घेऊन फिरताना हे जमवायचं असेल तर मुक्कामच आसाकुसात करा. इथे सगळ्या खिशांना परवडणारी हॉटेलं आहेत.

पोहोचण्याबद्दल एक सूचना, कारण यात मी स्वतः एका कुटुंबाचा पाऊण तास घालवला आहे. "आसाकुसा स्टेशनवर भेटू" एवढंच मी कळवलं होतं आणि ते भलत्याच आसाकुसा स्टेशनवर उभे राहिले. या नावाची चार स्टेशनं आहेत. गिंझा लाइन, तोएई आसाकुसा लाइन आणि तोबू रेल्वे ही तीन नदीच्या बाजूला जवळजवळ आहेत. चौथं, त्सुकुबा एक्स्प्रेसचं, पार पश्चिमेला पाचसहाशे मीटरवर आहे. नारिता आणि हानेदा या दोन्ही विमानतळांवरून तोएई आसाकुसा लाइनवर थेट येणाऱ्या गाड्या मिळतात. सामान आणि वडीलधारी माणसं बरोबर असतील तर तीच घ्या. आणि लिफ्ट कुठल्या एक्झिटला आहे ते मोबाइलवर आधी बघून ठेवा, कारण गिंझा लाइनचं स्टेशन जुनं आहे आणि बऱ्याच एक्झिटना नुसत्या पायऱ्या आहेत.

आता पहिली फेरी. पावणेसहाला कामिनारिमोनसमोर उभे राहा. तुम्ही फोटोंत पाहिलेलं, प्रचंड लाल कंदील टांगलेलं प्रवेशद्वार ते हेच. कंदील ३.९ मीटर उंच आणि जवळजवळ ७०० किलो वजनाचा आहे. उजवीकडे वाऱ्याचा देव, डावीकडे विजेचा. दिवसा इथे लोक फोटोसाठी रांगा लावतात, पण पहाटे तुम्ही थेट कंदिलाखाली जाऊ शकता. तिथे गेल्यावर मान वर करून कंदिलाचं बूड बघा. लाकडात कोरलेला वेटोळं घातलेला ड्रॅगन दिसेल. रोज हजारो माणसं त्याच्याखालून जातात आणि फार थोडी वर बघतात.

हे दार प्राचीन वाटतं. तसं ते नाही. जुनं दार १८६५च्या आगीत जळालं आणि त्यानंतर ९५ वर्षं इथे दारच नव्हतं. आजचं दार १९६०चं. ते कोनोसुके मात्सुशिता यांनी बांधून दिलं, म्हणजे आज ज्या कंपनीला आपण पॅनासॉनिक म्हणतो तिच्या संस्थापकांनी. सांधेदुखीसाठी त्यांनी इथल्या देवाला नवस केला, दुखणं बरं झालं आणि त्यांनी दार बांधून दिलं, असं सांगतात. कंदिलाच्या तळाशी पितळी पट्टीवर कंपनीचं जुनं नाव आजही आहे. कंदील साधारण दहा वर्षांनी नवा करतात. आत्ताचा २०२०चा, क्योतोच्या कारागिरांनी केलेला. आईंना गुडघ्यांचा त्रास आहे म्हणालात, म्हणून ही गोष्ट त्यांना दाराखाली उभं असतानाच सांगा.

आसाकुसाबद्दल मला जे मनापासून सांगायचं आहे ते याच दारापासून सुरू होतं. इथे जुनं एका बाजूला आणि नवं दुसऱ्या बाजूला, असं नाही. जे जुनं दिसतं ते पुन्हा पुन्हा जळालंय, पडलंय आणि ज्या त्या काळातल्या नव्यात नव्या साधनांनी पुन्हा उभं केलेलं आहे. आणि जे नवं म्हणून दाखवतात त्याच्या मुळाशी जुनी सुतारकी आहे. हे डोक्यात ठेवून फिरलात तर तीच ती दुकानं आणि देवळं वेगळी दिसायला लागतात.

दारातून आत गेलं की अडीचशे मीटरची नाकामिसे. पहाटे दुकानं बंद असतात आणि ते बरंच आहे, कारण बंद शटरांवर जुन्या एदो काळातली दृश्यं, जत्रा आणि ऋतू रंगवलेले आहेत. दिवसा शटर वर गेली की ती चित्रं दिसत नाहीत. ही दुकानंही आधी विटांची होती, १८८५ची. १९२३च्या मोठ्या भूकंपात पडली आणि १९२५ला सिमेंट-काँक्रीटची झाली.

पुढे होझोमोन हे दुसरं दार. त्यातून पार व्हा, मग मागे वळा. दाराच्या मागच्या भिंतीवर दोन्ही बाजूंना पेंढ्याच्या दोन अवाढव्य चपला टांगलेल्या आहेत. एकेक साडेचार मीटर लांब आणि ५०० किलो वजनाची. यामागाता प्रांतातल्या मुरायामा गावचे लोक त्या वळून इथे आणून देतात. एवढ्या मोठ्या चपला घालणारा राखणदार इथे आहे म्हटल्यावर भुतंखेतं पळून जातील, ही त्यामागची कल्पना. चपलेला हात लावला की पाय धड राहतात अशीही समजूत आहे. मी आणलेल्या प्रत्येक आजी-आजोबांनी तिला हात लावलाय, आणि बऱ्याच जणांनी तोच हात मग स्वतःच्या गुडघ्यावरून फिरवलाय. इथल्या म्हाताऱ्या जपानी बायकाही तसंच करतात.

बरोबर सहाला उजवीकडच्या बेंतेन टेकडीवरून घंटा ऐकू येईल. ती १६९२ साली ओतलेली आहे आणि रोज सकाळी सहाला वाजवतात. एप्रिलपासून मुख्य देऊळही सहालाच उघडतं (ऑक्टोबर ते मार्च साडेसहाला) आणि आत पहाटेचं पठण सुरू होतं. हे चुकवू नका. पायऱ्या चढवत नसतील तर बाजूला लिफ्ट आहे.

हे देऊळ म्हणजे सेन्सोजी. इ.स. ६२८मध्ये सुमिदा नदीत जाळं टाकणाऱ्या दोन कोळी भावांना एक मूर्ती मिळाली, गावच्या मुखियाने ती ओळखली आणि आपल्या घराचंच देऊळ केलं, ही इथली कथा. मूर्ती कान्नोनची, म्हणजे आपल्या अवलोकितेश्वराची, करुणेच्या बोधिसत्त्वाची. ती कुणालाच दाखवत नाहीत, पुजाऱ्यांनाही नाही. लोक बंद देव्हाऱ्यासमोर हात जोडतात. पहाटे जे म्हणतात ते सद्धर्मपुंडरीक सूत्र या बौद्ध ग्रंथातलं कान्नोनचं प्रकरण असतं. आग, पूर, चोर, हिंस्र पशू अशा संकटांत ज्याने हाक मारली त्याला तो तारतो, असा त्याचा आशय. छत्रपती संभाजीनगरजवळच्या औरंगाबाद लेण्यांत सातव्या क्रमांकाच्या लेण्यात हेच दगडात कोरलेलं आहे. मधे अवलोकितेश्वर आणि दोन्ही बाजूंना आगीने, चोरांनी, बुडत्या जहाजाने, सिंहाने, सापाने घेरलेली माणसं त्याच्याकडे वळलेली. तुमच्या बाबांनी ती लेणी पाहिली असतील तर इथे पठण ऐकताना त्यांना नक्की आठवतील. ढोलाचा ठोका आणि एका सुरातलं पठण, समोर ऑफिसला जाण्याआधी दोन मिनिटं थांबलेली माणसं. दुपारी याच जागी नुसता गलका असतो.

नमस्कार आपल्यासारखाच, हात जोडून. टाळ्या वाजवायच्या नाहीत. टाळ्या शेजारच्या शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माच्या, देवळात, तिथे दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकायचं. दानपेटीत पाच येनचं नाणं टाकण्याची पद्धत आहे. पाच येन म्हणजे 'गो-एन', आणि 'गोएन' म्हणजे ऋणानुबंध. देवळासमोरच्या मोठ्या धूपपात्रातला धूर लोक ओंजळीने दुखऱ्या भागावर ओढून घेतात. हे आईंना सांगावं लागणार नाही, आरतीनंतरचा हात तसाच फिरतो.

ओमिकुजी, म्हणजे भविष्याची चिठ्ठी, काढा, शंभर येन लागतात. धातूचा डबा हलवायचा, भोकातून एक काडी बाहेर येते, तिच्यावरचा आकडा बघून त्या आकड्याचा खण उघडायचा आणि वरची चिठ्ठी घ्यायची. अडचण एकच, आकडे चिनी लिपीत असतात. 一 एक, 二 दोन, 三 तीन, 十 दहा एवढं तरी पाठ करून जा, किंवा काडी खणांच्या बाजूला धरून अक्षरं जुळवत जा. इथल्या चिठ्ठ्यांत 'अशुभ' निघण्याचं प्रमाण इतर देवळांपेक्षा जास्त आहे, हे प्रसिद्धच आहे. तशी निघाली तर खिशात ठेवायची नाही. तिथेच तारांना बांधून टाकायची आणि मोकळ्या मनाने पुढे जायचं. पाहुण्यांपैकी एका काकूंना अशुभ चिठ्ठी आली आणि त्या दिवसभर अस्वस्थ राहिल्या, तेव्हापासून मी हे आधीच सांगते.

आता मुख्य देवळाकडे जरा लांबून बघा. हे लाकडाचं नाही. १० मार्च १९४५च्या रात्री टोकियोवर बॉम्बहल्ला झाला, एका रात्रीत सुमारे एक लाख माणसं गेली, आणि हे देऊळही जळालं. लोकांच्या देणग्यांतून १९५८ला ते पुन्हा उभं राहिलं, यावेळी काँक्रीटचं. छतावरची कौलं तर टायटॅनियमची आहेत. भूकंपात जड कौलं पडून माणसं मरतात म्हणून २०१०च्या दुरुस्तीत हलक्या धातूची बसवली, रंग मात्र जुन्या कौलांसारखा ठेवला. एवढं वाचून "म्हणजे सगळं खोटंच!" असं म्हणू नका. आवारात जिंको वृक्ष आहेत, त्या रात्री जळूनही उभे राहिलेले. त्यांच्या खोडाजवळ जा. एका बाजूला साल जाऊन आतलं लाकूड काळं कोळशासारखं झालंय, आणि एप्रिलमध्ये त्याच खोडावरच्या फांद्यांना पंख्याच्या आकाराची कोवळी पानं फुटत असतात. मी त्या काळ्या भागावर पहिल्यांदा हात ठेवला तेव्हा काय झालं हे बोलून सांगता येत नाही. माझ्यासाठी आसाकुसातली सगळ्यात खरी जागा ती आहे. त्या रात्रीतून वाचलेल्या इमारतीही आहेत, त्यांतल्या दोन म्हणजे उजवीकडचं १६१८चं नितेनमोन दार आणि देवळाशेजारचं आसाकुसा जिंजा, १६४९चं शिंतो देऊळ. तिथले देव कोण, तर तेच दोन कोळी आणि तो मुखिया. मेमधली प्रसिद्ध सांजा मात्सुरी त्यांचीच. पालख्यांना वाट मिळावी म्हणून त्या दिवसांत कामिनारिमोनचा कंदील घडी करून वर उचलतात.

बेंतेन टेकडी अगदी लहान आहे, थोड्या पायऱ्या आहेत. वर बेंझाइतेन, म्हणजे आपली सरस्वती. इथली मूर्ती पांढऱ्या केसांची, म्हणून तिला वृद्धा बेंतेन म्हणतात. मला ही म्हातारी सरस्वती फार आवडते.

आता सांगते ती जागा कुठल्याच टूरच्या कार्यक्रमात नसते, आणि मराठी माणसाने ती चुकवणं मला अजिबात पटत नाही. सेन्सोजीपासून नदीच्या दिशेने उत्तरेला दहा मिनिटं चाललं की एका छोट्या टेकाडावर मात्सुचियामा शोदेन हे देऊळ लागतं. इथला देव शोतेन किंवा कांगितेन, म्हणजे बौद्ध तंत्रमार्गातून चीनमार्गे जपानला आलेला विनायक, आपला गणपती. ही मूर्तीही दाखवत नाहीत, त्यामुळे सोंड शोधत बसू नका. खुणा मात्र जागोजागी आहेत. पायरीवर, कठड्यावर, कंदिलावर दोनच चिन्हं दिसतील: एकमेकांत गुंफलेले दोन मुळे आणि तोंड आवळलेली एक पुरचुंडी. मुळा आरोग्याचा आणि घरातल्या सलोख्याचा, पुरचुंडी धंद्यातल्या बरकतीची. दगडात कोरलेली ती पुरचुंडी बघून माझी आई पटकन म्हणाली, "अगं, हा तर मोदक!" आकार पाहिलात तर तुम्हीही तेच म्हणाल. (पुढे क्योतोला जाणार असाल तर तिथे शोतेनच्या नैवेद्याचा 'कांकिदान' नावाचा तळलेला गोड पदार्थ मिळतो. तोही पुरचुंडीसारखाच, वर पाकळ्या आवळलेल्या. आत बीन्सचं गोड सारण असतं आणि त्याला धूपाचा वास असतो. त्याची चव सगळ्यांना आवडत नाही, पण तो हातात घेतल्यावर काय वाटतं ते मला नंतर कळवा.)

नैवेद्याला इथे मुळा वाहतात, खराखुरा पांढरा दाइकोन, हातभर लांब. आवारातच विकत मिळतो. देवापुढे ठेवलेले मुळे नंतर प्रसाद म्हणून लोकांना घेऊन जायला ठेवतात. मी एकदा नेलेल्या मुळ्याची घरी कोशिंबीर केली होती, दही घालून. दरवर्षी ७ जानेवारीला मुळ्याचा उत्सव असतो आणि शिजवलेला मुळा वाटतात. देऊळ शांत आहे, पर्यटक जवळजवळ नसतात, मनापासून नवस करणारी माणसं येतात. म्हणून आत मोठ्याने बोलू नका, गाभाऱ्याचे फोटो काढू नका. हातात हार घेऊन 'गणपती बाप्पा मोरया'चा गजर करू नका हे मला एका ग्रुपला सांगावं लागलं होतं. त्यांचा भाव खरा होता, पण शेजारी कुणीतरी डोळे मिटून बसलेलं होतं. आईंसाठी चांगली गोष्ट म्हणजे पार्किंगच्या बाजूने वर जायला एक चिमुकली रेलगाडी आहे. सरकत्या खोलीसारखी ती टेकडी चढते.

तिथून नदीकाठी या. एप्रिलचा पहिला आठवडा म्हणजे दोन्ही काठांवरच्या सुमिदा पार्कमध्ये चेरीचा बहर असेल, किंवा पाकळ्या गळून पाण्यावर गुलाबी तवंग आलेला असेल. गळतानाचा बहर मला जास्त आवडतो. बाकांवर बसा. समोर स्कायट्री हा मनोरा दिसेल, ६३४ मीटर, २०१२ला उघडलेला. तो आसाकुसात नाही, नदीपलीकडे ओशिआगेला आहे. पण आसाकुसाच्या प्रत्येक गल्लीच्या टोकाला तोच उभा असतो. सहाला जपानीत 'मु', तीनला 'सा' आणि चारला 'शि' असंही म्हणतात. मिळून मुसाशि, या प्रदेशाचं जुनं नाव.

मघाशी सुतारकी म्हणाले, ती इथे आहे. जपानातले लाकडी पाचमजली पॅगोडे शेकडो वर्षं भूकंप सोसत उभे आहेत. त्यांच्या मधोमध शिनबाशिरा नावाचा एक उभा खांब असतो, आणि भोवतीचे मजले आणि तो खांब आपापल्या लयीत हलतात. स्कायट्रीच्या पोटातही मधोमध काँक्रीटचा एक पोकळ खांब आहे. खालचे १२५ मीटर तो बाहेरच्या सांगाड्याला पक्का जोडलाय. त्याच्या वर ३७५ मीटरपर्यंत तेलाच्या डँपरांनी सांधलाय, म्हणजे भूकंपात सांगाडा एका लयीत आणि खांब दुसऱ्या लयीत डोलतो आणि धक्का जिरतो. अभियंत्यांनी त्याला नावही शिनबाशिराच दिलं. ११ मार्च २०११चा महाभूकंप झाला तेव्हा मनोऱ्याचं काम चालू होतं. त्यानंतर आठवड्याने, १८ मार्चला, त्याने पूर्ण उंची गाठली. सेन्सोजीत मूर्ती सापडल्याचा दिवस पाळतात तोही १८ मार्चच.

वर चढायचं का? ३५० मीटरवरचा मजला पुरेसा आहे, आणि हवा स्वच्छ असेल तरच. पैसे वाचवायचे असतील तर कामिनारिमोनच्या समोरच आठ मजली पर्यटन माहिती केंद्र आहे. लहान लहान लाकडी घरं एकावर एक रचल्यासारखी ही इमारत केंगो कुमा यांची, २०१२ची. आठव्या मजल्यावरची गच्ची फुकट आहे, लिफ्ट आहे, स्वच्छतागृह आहे. तिथून खाली नाकामिसेची सरळ रेघ आणि तिच्या टोकाला देवळाचं छप्पर दिसतं, आणि दुसऱ्या बाजूला नदी, स्कायट्री आणि बिअर कंपनीच्या इमारतीवरची ती सोनेरी ज्वाळा. मी सगळ्यांना आधी या गच्चीवर नेते. बऱ्याच जणांना मग स्कायट्रीचं तिकीट काढावंसं वाटत नाही. आणि नदी चालत ओलांडायची असेल तर रेल्वे पुलाला लागूनच सुमिदा रिव्हर वॉक हा पादचारी पूल आहे, २०२०चा. शेजारून तोबूची गाडी अगदी हळू जाते आणि आतली माणसं हात हलवतात.

खाण्याबद्दल. शाकाहारींसाठी अडचण मांसाची नाही, दाशीची आहे. वाळवलेल्या माशांचं हे पाणी सूपमध्ये, सोबा नूडल्सच्या रश्श्यात, टेंपुराच्या, म्हणजे जपानी भज्यांच्या, चटणीत, भाज्यांतसुद्धा असतं. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हणून भागत नाही. हे वाक्य लिहून ठेवा: "निकु मो साकाना मो ताबेमासेन. दाशी मो दामे देस." म्हणजे मांसही नाही, मासेही नाही, दाशीसुद्धा चालत नाही. पोटभर जेवणासाठी भारतीय हॉटेल गाठा किंवा दशम्या-चटणी बरोबर ठेवा. पण गोडात आसाकुसा तुम्हाला उपाशी ठेवणार नाही. 'कामिनारी ओकोशी' म्हणजे तांदळाच्या लाह्या साखरेच्या पाकात बांधलेल्या वड्या, चावताना कुरमुऱ्याची चिक्कीच आठवते. 'इमो योकान' ही रताळ्याची वडी, रताळं, साखर, मीठ एवढंच, आपल्या उपवासाच्या ताटात सहज खपून जाईल. 'निंग्योयाकी'मध्ये लाल बीन्सचं पुरण असतं, पण वरच्या आवरणात अंडं असतं, विचारून घ्या. हातात घेऊन चालत खायचं नाही. दुकानासमोर उभं राहून खायचं आणि कागद दुकानातच द्यायचा. रस्त्यावर कचरापेट्या नसतात, एक पिशवी जवळ असू द्या.

किमोनो भाड्याने घेणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. उजवी बाजू आत, डावी बाजू वर. उलटं फक्त मृतांना नेसवतात. हातरिक्षा आईंसाठी उत्तम. ओढणारे तरुण गल्ल्यांची माहिती फार प्रेमाने सांगतात.

खरेदीला बाबा कंटाळले तरी काप्पाबाशीला न्या. पश्चिमेला दहा-पंधरा मिनिटं, जवळजवळ आठशे मीटर नुसती स्वयंपाकघराच्या सामानाची दुकानं. सुऱ्या, किसण्या, भांडी, आणि हॉटेलांच्या काचेत मांडायचे मेणा-प्लास्टिकचे हुबेहूब पदार्थ. सुरी घेतलीत तर ती चेक-इनच्या सामानातच टाका. रविवारी बरीच दुकानं बंद असतात आणि पाचनंतर शटर पडायला लागतात.

संध्याकाळची फेरी सातनंतर. देवळाच्या आतला भाग पाचलाच बंद होतो, पण आवार खुलं असतं आणि अकरापर्यंत दिवे असतात. १९७३चा पाचमजली पॅगोडा आणि मागे स्कायट्री, दोन्ही उजळलेले एकाच नजरेत येतात. मग पश्चिमेला रोक्कुकडे वळा, जुन्या करमणुकीच्या वस्तीत. जपानचं पहिलं कायमचं चित्रपटगृह १९०३ साली इथेच सुरू झालं. बारा मजल्यांचा र्योउनकाकु मनोरा १८९०ला इथेच उभा राहिला, देशातली पहिली विजेची लिफ्ट त्यात होती. १९२३च्या भूकंपात तो मोडला. हानायाशिकी १८५३ला फुलबाग म्हणून सुरू झाली, आता तिथे पाळणे आहेत आणि १९५३पासून चालणारी रोलर कोस्टर घरांच्या भिंतींना जवळजवळ घासत जाते. एंगेइ हॉलमध्ये राकुगो चालतं. एक माणूस गादीवर बसून, पंखा आणि रुमाल एवढ्यावर सगळी पात्रं उभी करतो. भाषा कळणार नाही, पण कीर्तन ऐकत वाढलेल्या बाबांना पंधरा मिनिटांत त्याचं वळण कळेल.

परतताना गिंझा लाइनने जा. आशियातला पहिला भुयारी रेल्वेमार्ग तो हाच, ३० डिसेंबर १९२७ला उएनो ते आसाकुसा एवढ्या २.२ किलोमीटरवर सुरू झालेला. नदीजवळच्या एका एक्झिटवर अजून देवळासारखं छप्पर आहे, तेही बघून घ्या. आसाकुसा हे या लाइनचं टोक. गाडी इथूनच रिकामी सुटते, दिवसभर चाललेल्या आईंना बसायला जागा मिळेल.